भिंतीला ओल, गुंड्याला कोरड

पत्र :

नमस्कार. मी नौपाड्यात राहते. माझ्या मुलानं कॉलेजात असताना एक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, आणला होता. नाव गुंड्या, कारण घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचं गाठोडं करतो. वय चार वर्षं, लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. मे महिन्यात मुलाला बंगळुरूला नोकरी लागली आणि गुंड्या माझ्या गळ्यात पडला (शब्दशः नाही, अजून तेवढा धीर झालेला नाही). सुरुवातीला मी टाकीकडे बघतसुद्धा नव्हते. आता फ्रीजरमधला उंदीर कोमट करून चिमट्यानं मीच देते.

काचेची तीन फुटी टाकी आहे. वर जाळीचं झाकण, त्यावर सिरॅमिक हीटर, खाली वर्तमानपत्र. मुलाच्या खोलीत आता माझे मिस्टर झोपतात आणि त्यांना रात्रभर एसी लागतो, २२ वर. गेल्या आठवड्यात गुंड्यानं कात टाकली, ती तुकड्यातुकड्यांत. शेपटीला आणि डोळ्यांवर अजून काहीतरी चिकटलेलं दिसतं. दुकानात फोन केला तर म्हणाले, दिवसातून दोनदा पाणी फवारा. मी चारदा फवारते. टाकीतला आर्द्रतेचा मीटर ८० टक्के दाखवतो. तरी तो सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो, टाकीला कुबट वास येतो आणि काल पोटाखालचे दोन-तीन खवले तांबूस दिसले. बाहेर हा एवढा पाऊस, आमच्या बाथरूमलगतच्या भिंतीला पोपडे सुटलेत, मग यालाच कोरड कशी पडते? मुलगा फोनवर म्हणतो, "ह्युमिडिटी बघ." बघ म्हणजे नेमकं काय करू?

— एक आई, नौपाडा

उत्तर :

ताई, आधी आज रात्रीचं काम सांगते, कारणं मागून. गुंड्याची टाकी त्या एसीच्या खोलीतून बाहेर काढा. फवारणी बंद. खालचं ओलं वर्तमानपत्र काढून कोरडं अंथरा. एवढं झालं की बाकीचं उत्तर उद्या सकाळी चहा घेताना वाचलंत तरी चालेल.

टाकी हलवण्याआधी हीटर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. गुंड्याला उशीच्या सुती अभ्र्यात घालून तोंडाला गाठ मारा आणि गाठोडं खुर्चीवर ठेवा. तो आत शांत बसेल. पाण्याचं भांडं काढून घ्या आणि टाकी दोघांनी तळाला हात लावून उचला. काठ धरून नाही, काठाची काच निखळते. हॉलमध्ये किंवा पॅसेजमध्ये जिथं थेट ऊन आणि पावसाचा शिडकावा येत नाही अशी जागा बघा. स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीचा धूर त्याला सोसत नाही. कामवाल्या मावशी घाबरतील ही अडचण असेलच, तर टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जुनी चादर लावा. मावशींना साप दिसणार नाही आणि गुंड्याला माणसं दिसणार नाहीत. दोघांनाही तेच हवं असतं.

आता तुमचा प्रश्न. ठाण्यात भर पावसाळ्यात सापाला कोरड कशी? बाल्कनीत जाऊन बघा. एसीच्या नळीतून टपटप पाणी पडतंय ना? तुम्ही खाली बादली ठेवली असेल तर सकाळपर्यंत तिच्यात बरंच साठत असेल. ते सगळं पाणी त्या खोलीच्या हवेतलं. एसी खोली गार करता करता हवा पिळून काढतो आणि पिळलेली हवा गुंड्याला देतो. आणि हे अर्धंच झालं. ती हवा टाकीत शिरली की हीटरखाली तापते, आणि तापली की आणखी कोरडी होते. पाणी कुठं जात नाही, पण गरम हवेची पाणी धरून ठेवायची ताकद वाढते. छोट्या पातेल्यात काठोकाठ दिसणारं दूध मोठ्या टोपात ओतलं की तळाला जातं, तसं. मीटर जी टक्केवारी दाखवतो ती म्हणजे टोप किती भरला आहे ते. दूध किती आहे ते नव्हे.

आकडे मांडून बघू. एसीच्या खोलीत २३ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता धरा. तीच हवा गुंड्याच्या गरम कोपऱ्यात ३२ अंशांवर गेली की आर्द्रता राहते फक्त ३२-३३ टक्के. त्याला हवी असते साधारण ६०, कात टाकण्याच्या दिवसांत ७० च्या आसपास. आता तुमचा हॉल घ्या, एसी नसलेला, जुलैमधला : २८ अंश, ८५ टक्के. ही हवा ३२ ला तापवली तरी ६५ च्या पुढे राहते. म्हणजे एक थेंबही न फवारता, फक्त टाकी दार ओलांडून दहा पावलं आणल्यानं काम होतं.

तुमच्या टाकीचं झाकण जाळीचं आणि हीटर त्यावर, हाही एक घोळ आहे. गरम हवा वर चढते, जाळीतून निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतली हवा आत येते. चुलीचं धुराडं कसं ओढतं तसंच. म्हणून आत काहीही फवारा, ते खोलीत जातं. पावसाळ्यात हॉलमध्ये हे चालून जाईल. थंडीत मात्र हीटरची जागा मोकळी ठेवून उरलेल्या जाळीचा साधारण दोन तृतीयांश भाग झाकावा लागेल. जुन्या अॅक्रिलिकचा तुकडा चालतो. हीटरला लागून प्लास्टिक अजिबात नको. आणि त्या हीटरला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला तो आपोआप बंद करणारं यंत्र, आहे ना? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर या महिन्यात दुसरं काही घेऊ नका, आधी तो घ्या.

फवारणीबद्दल माझं मत जरा कडक आहे, कारण प्रत्येक दुकानदार तेच सांगतो आणि प्रत्येक नवा पाळणारा तेच करतो. तुमच्या तीन फुटी टाकीत हवा आहे साधारण १९० लिटर. २८ अंशांना ही हवा जास्तीत जास्त किती पाणी धरू शकते ठाऊक आहे? पाच ग्रॅमच्या आसपास. चहाचा एक चमचा! तुम्ही एका वेळेला निदान पाव कप फवारत असाल. त्यातला चमचाभर हवेत जातो, धुराड्यातून निघून जातो, आणि बाकीचं सगळं वर्तमानपत्रावर पडून गुंड्याच्या पोटाखाली राहतं. म्हणून तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकदम आहेत : वर वाळवंट, खाली चिखल. कात कोरड्या हवेनं अडकली, पोट ओल्या कागदानं बिघडलं. तुम्ही हयगय केली नाहीत, उलट सांगितलं त्याच्या दुप्पट केलंत.

मग मीटर ८० कसा दाखवतो? तो गोल, काट्याचा, काचेला चिकटवलेला असेल अशी माझी पैज. माझ्याकडे पहिल्या वर्षी तसाच होता. मी तेव्हा कॉर्न स्नेक पाळायला नुकती सुरुवात केली होती आणि त्या काट्यावर माझी श्रद्धा होती. तो कायम ६० दाखवायचा. पावसात ६०, दिवाळीत ६०. मला वाटायचं, काय छान जमलंय आपल्याला! एकदा टाकी धुताना तो काढून मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर विसरले. तासाभरानं आणायला गेले तर तापलेल्या कठड्यावरही ६०. तोवर माझ्या सापाच्या दोन काती फाटून निघाल्या होत्या आणि मी दोष सापालाच देत होते.

काट्याचा मीटर टाकून द्या. वायर असलेला छोटा डिजिटल घ्या, महाग नसतो. पण त्याच्यावरही लगेच विश्वास नको. स्वयंपाकघरातल्या मिठानं त्याची परीक्षा घेता येते. बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधं मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत न सांडता ठेवा, पिशवी घट्ट बंद करा आणि एसी नसलेल्या खोलीत रात्रभर राहू द्या. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आपल्याकडच्या तापमानात हा आकडा जवळजवळ हलत नाही. सकाळी पिशवी न उघडता बाहेरूनच वाचा. मीटरनं ७५ दाखवलं तर उत्तम. ६९ दाखवलं तर तो सहानं कमी सांगतो, हे चिकटपट्टीवर लिहून त्याच्या पाठीवर लावा. वर्षातून एकदा पुन्हा करा.

मीटर ठेवायचा कुठं? पाण्याच्या भांड्यावर नाही आणि काचेच्या वरच्या काठाला तर नाहीच. साप जमिनीवर राहतो. गार बाजूला, जमिनीपासून मूठभर उंचीवर वायरचं टोक राहू दे. दुसरा मीटर घेणार असाल तर तो गरम बाजूला त्याच उंचीवर.

आता पत्रातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत : तो सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. बॉल पायथन हौसेनं डुंबणारा साप नाही. तो तासन्तास भांड्यात बसतो तेव्हा तीन शक्यता असतात. हवा कोरडी आहे, टाकी जास्त तापली आहे, किंवा अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, झाले आहेत आणि तो त्यांना बुडवायला बघतोय. तिसरी तपासायला सोपी आहे. भांड्यातलं पाणी पांढऱ्या बशीत ओता आणि ट्यूबलाइटखाली बघा. मोहरीपेक्षा कितीतरी बारीक काळे ठिपके तळाला दिसले, किंवा पांढऱ्या रुमालातून त्याला अलगद सरकू दिल्यावर रुमालावर हलणारे ठिपके आले, तर माइट्स. मग फवारण्या स्वतःच्या मनानं मारत बसू नका, डॉक्टरकडे जा. काहीच दिसलं नाही तर हॉलमध्ये आल्यावर चार-पाच दिवसांत तो भांडं आपणहून सोडेल.

अडकलेल्या कातीचं करू. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन हा त्याचा मुलूख. तिथं कोरड्या ऋतूत वरची हवा आपल्या नगर-सोलापूरच्या उन्हाळ्यापेक्षा मऊ नसते. पण तो वर नसतोच. उंदरांची बिळं, वाळवीची जुनी वारुळं यांत दिवसभर पडून असतो, आणि तिथली माती ओल धरून असते. कात सुटायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रवाचा एक पातळ थर तयार होतो. त्यामुळेच डोळे दुधाळ आणि अंग भुरकट दिसतं. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांत कात निघते, मोज्यासारखी उलटी, तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड. साप आतून सुकलेला असेल किंवा बाहेरची हवा कोरडी असेल तर तो थर पुरत नाही आणि कात कागदासारखी चिकटून फाटते.

शेपटीची काळजी आधी घ्या. तिथं अडकलेली कात कडं होऊन आवळते, रक्त अडतं आणि टोक काळं पडून झडू शकतं. झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. जुना टॉवेल कोमट पाण्यात बुडवून चांगला पिळा. पाणी मनगटावर ना गरम वाटलं पाहिजे ना गार. टॉवेल डब्यात सैल गोळा करून ठेवा, गुंड्याला त्यात सोडा, झाकण लावा आणि अर्धा तास तिथंच बसून राहा. मालिकेचा एक भाग होईल. खोल पाण्यात बुडवून ठेवायची गरज नाही, त्यानं तो नुसता घाबरतो. मग त्याला ओल्या नॅपकिनमधून तुमच्या सैल मुठीतून पुढे सरकू द्या. ओढायचं नाही, त्याचं तोच सरकेल आणि कात नॅपकिनला लागून मागे राहील. शेपटीच्या टोकाशी बोटांनी हलकेच चोळत टोकाकडे सारा. आज निघाली नाही तर उद्या पुन्हा.

डोळ्यांना मात्र हात लावू नका. चिमटा नाही, चिकटपट्टी नाही, कापसाचा बोळा नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही प्रत्येक कातीबरोबर बदलतो. जुना खवला ओढताना खालचा नवा निघाला तर डोळा जातो. कित्येकदा आपल्याला चिकटलेलं वाटतं ते प्रत्यक्षात पाणी कमी पडल्यानं डोळ्याला पडलेली खळगी असते आणि दोन-चार दिवसांत भरून येते. खरंच जुना खवला राहिला असेल तर पुढच्या कातीबरोबर तो बहुधा निघतो. तेव्हाही नाही निघाला तर डॉक्टर काढतील. आणि खोबरेल तेल, हळद, तूप यांपैकी काहीही कुठंही नको. तुम्ही लावलं नसेलच, पण घरात सल्ला देणारं कुणीतरी असतंच. तेलानं कात सुटत नाही, खवल्यांत धूळ बसते.

तांबूस खवल्यांकडे येते, कारण या पत्रात मला खरी काळजी त्याचीच वाटली. कात यायच्या आधी बॉल पायथनचं पोट गुलाबी होतं आणि नवे लोक घाबरतात. पण तुमच्या गुंड्याची कात होऊन गेली आहे, म्हणून हे ते नव्हे. ओल्या कागदावर रोज पोट घासून खवल्यांना संसर्ग लागण्याची ही सुरुवात असावी. सुरुवातीला कोरड्या, स्वच्छ जमिनीनं बरंच काम होतं. म्हणून आठवडा-दहा दिवस फक्त किचन टॉवेलचा कागद अंथरा आणि रोज बदला. हॉलच्या हवेत त्याला लागणारी आर्द्रता आहेच, त्यामुळे जमीन कोरडी ठेवूनही कातीचं नुकसान नाही. मात्र डॉक्टरांना लवकर दाखवा. खवले सोलले, फोड आले, त्या खवल्यांनाच वास यायला लागला तर त्याच दिवशी. तोंड उघडं ठेवणं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज हीसुद्धा थांबायची लक्षणं नाहीत. थंडी आणि ओल एकत्र आली की सापांच्या छातीत होतं, आणि २२ चा एसी अधिक ओला कागद म्हणजे नेमकं तेच. साप बघणारे पशुवैद्य ठाण्यात मोजकेच असतात, म्हणून जाण्याआधी फोन करून "साप बघता का" हे स्पष्ट विचारा. जवळ कुणी नाही मिळालं तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. नेताना तोच उशीचा अभ्रा, तो भोकाच्या डब्यात, आणि रिक्षा. लोकलनं नको.

डॉक्टरांनी पोट बरं आहे म्हटलं की वर्तमानपत्राला कायमचा निरोप द्या. कागद ओल धरत नाही. एकतर ठणठणीत नाहीतर लगदा. नर्सरीत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मिळते. खत न मिसळलेली मागा. भिजवून, पिळून, दोन-अडीच इंचांचा थर द्या. किती ओलं? मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी येऊ नये. मटकीला मोड आणताना फडकं किती दमट ठेवता? तेवढंच. जास्त झालं की मटकीला जो वास सुटतो तोच टाकीला सुटतो, म्हणजे तुमच्या नाकाला हे शिकवावं लागणार नाही. पुढे ओल कमी वाटली तर वरून फवारायचं नाही. चार कोपऱ्यांत अर्धा-अर्धा पेला पाणी हळू ओता. ते तळाशी जातं, वरचा थर कोरडा राहतो आणि ओल खालून सावकाश वर येत राहते. चमचाभर पाण्याची हवा भरत बसण्यापेक्षा लिटरभर पाणी जमिनीत साठवलेलं बरं.

शिवाय एक दमट गुहा करून द्या. सापाच्या पिल्लांसाठी मी एक किलोचा श्रीखंडाचा डबा वापरते. झाकणाला भोक, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. गुंड्या त्यात मावणार नाही, त्याला दिवाळीच्या चिवड्याचा पाच लिटरचा डबा लागेल. भोक त्याच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट ठेवा आणि कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. डबा गरम आणि गार बाजूच्या मध्ये ठेवा. डोळे दुधाळ झाले की तो आपणहून आत जाऊन बसेल, आणि बाकी दिवस कोरड्या जागी झोपेल. टाकीत एकच आकडा राखायच्या मागे लागू नका. ओली जागा आणि कोरडी जागा दोन्ही द्या, निवड त्याची त्याला करू दे. मॉस पंधरा दिवसांनी धुवा, हिरवट-काळं दिसलं तर टाकून द्या.

ठाण्याच्या वर्षाचं म्हणाल तर पावसाळ्यात, एसीबाहेर, तुम्हाला पाणी घालायचंच नाही. वारा खेळता ठेवायचा आणि बुरशीवर नजर ठेवायची. काचेच्या आतून सकाळी उशिरापर्यंत पाणी ओघळत असेल तर झाकण जास्त बंद झालंय. ऑक्टोबर आपला आपण जातो. खरी परीक्षा डिसेंबर ते फेब्रुवारी. ज्या आठवड्यात तुमचे ओठ फुटतात आणि व्हॅसलीनची डबी बाहेर येते, त्या आठवड्यात जाळी झाका आणि कोपऱ्यांत पाणी घाला. उन्हाळ्यात खाडीकडचा वारा हवा दमट ठेवतो, पण तेव्हाच घरोघरी एसी सुरू होतात. उन्हाळ्यात हॉलमध्येही एसी लावणार असाल तर २६-२७ वर लावा आणि त्याचा झोत टाकीवर येऊ देऊ नका. मिस्टरांना बेडरूममध्ये २२ करू दे, त्यांना कात टाकायची नाही.

एक कागदपत्रांची गोष्ट, मुलाला विचारून घ्या. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर व २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. त्यानं नोंद केली होती का, कुणाच्या नावावर, आणि खरेदीची पावती कुठं आहे, एवढं या रविवारच्या फोनवर विचारा. आपल्याकडचे साप, म्हणजे नाग, धामण, आपला अजगर, यांपैकी काहीही घरात ठेवणं गुन्हा आहे, हे शेजारच्या उत्साही मुलांना तुम्हीच सांगून टाका; एकाच्या घरी साप आहे म्हटलं की येऊरच्या पायथ्याला सापडलेला दुसरा कुणीतरी बरणीत घालून आणतो. आणि नागपंचमीला शेजारच्या काकू दुधाची वाटी घेऊन आल्या तर चहा करा त्या दुधाचा. साप दूध पचवू शकत नाहीत.

पुढची कात साधारण दीड-दोन महिन्यांत येईल, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. अंग भुरकट दिसायला लागलं की कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवसांत उंदीर देऊ नका, त्याला हाताळू नका. दिसत नसल्यानं तो बिथरलेला असतो. निघालेली कात लगेच ओलसर असतानाच उचला, वाळली की चुरगळते. मुलगा तेव्हा घरी असेल तर ती त्याच्याच हातात द्या. ट्यूबलाइटखाली डोक्याचा भाग उलगडायला सांगा : दोन डोळ्यांच्या जागी दोन गोल, पातळ काचा दिसल्या पाहिजेत, घड्याळाच्या काचेसारख्या फुगीर. दोन्ही सापडेपर्यंत त्याला हलू देऊ नका, आणि त्यानं "हे काय?" म्हणून विचारलंच तर तुम्हीही म्हणा, "ह्युमिडिटी. बघ."